गाळलेली वचने, राखलेली वचने

बायबल गुलामगिरीच्या बाजूने आहे की तिच्या विरोधात, हा प्रश्न अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर केवळ धर्मपंडितांच्या वादाचा विषय नव्हता; आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे पाठवल्या गेलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या नशिबाशी त्याचा थेट संबंध होता. मळ्यांचे मालक, धर्मोपदेशक, कायदे करणारे, गुलामगिरीविरुद्ध लढणारे आणि स्वतः गुलाम असे सगळेच एका ग्रंथाचा आधार घेत होते आणि आपला अर्थ हाच ईश्वराचा अर्थ आहे, असे मनापासून मानत होते. म्हणून त्या ग्रंथात काय आहे हे आधी सरळपणे पाहिले पाहिजे, आणि ते पाहताना श्रद्धावंतांना अवघड वाटणारी वचने बाजूला सारून चालत नाही.

ख्रिस्ती बायबलचे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग असून, जुना करार हा मुळात यहुदी लोकांचा धर्मग्रंथ आहे. त्याच्या पहिल्या पाच पुस्तकांत, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, गुलामगिरी गृहीत धरून तिला नियम घालून दिलेले आढळतात. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायानुसार विकत घेतलेल्या इब्री, म्हणजे इस्राएली, गुलामाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी मोबदला न घेता त्याला मोकळे करावे. परंतु मधल्या काळात मालकाने त्याचे लग्न लावून दिले असेल, तर बायको आणि मुले मालकाचीच राहतात आणि त्या गुलामाला एकट्यानेच बाहेर पडावे लागते. मालकाच्या काठीखाली गुलाम जागीच मेला, तर मालकाला शिक्षा आहे. तो एक-दोन दिवस जगला, तर शिक्षा नाही, आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे की, तो गुलाम मालकाच्या पैशाचा आहे. ‘लेवीय’ या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय याहून पुढे जातो आणि स्वजातीयांना गुलामासारखे राबवू नये असे बजावून, आसपासच्या परकीय लोकांतून मात्र कायमचे गुलाम घेण्याची आणि ते मुलाबाळांना वारसाहक्काने देण्याची मुभा देतो.

त्याच नियमशास्त्रात या मुभेच्या विरुद्ध दिशेने जाणारे नियमही आहेत. माणूस पळवून नेऊन विकणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितली आहे आणि पळवून आणलेला माणूस ज्याच्याकडे सापडेल त्यालाही तीच शिक्षा आहे. मालकाने मारहाणीत गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला, तर त्याबद्दल गुलामाला मुक्त करावे लागते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात तर मालकाकडून पळून आलेल्या गुलामाला परत त्याच्या स्वाधीन करू नये, त्याला हव्या त्या गावात राहू द्यावे, अशी आज्ञा आहे, आणि प्राचीन पश्चिम आशियातील इतर कायद्यांशी तुलना करता ती विलक्षण ठरते. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. नियमशास्त्रातील या नियमांच्या मुळाशी इस्राएली लोकांची एक सामूहिक आठवण आहे. आपण स्वतः मिसर देशात गुलाम होतो, फारो राजाच्या विटा पाडत होतो आणि परमेश्वराने आपल्याला तेथून बाहेर काढले, ही ती आठवण होय. आजच्या काही धर्मसमर्थकांचे म्हणणे असे असते की, बायबलमधील गुलामगिरी सौम्य होती, ती जवळजवळ कर्ज फेडण्याची चाकरीच होती. इब्री गुलामापुरते हे काही अंशी खरे असले, तरी परकीय गुलामांच्या बाबतीत ते टिकत नाही, आणि ज्यांनी या वचनांपायी पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसला त्यांच्या दृष्टीने तसे म्हणणे अन्यायाचे आहे.

नवा करार रोमन साम्राज्याच्या काळात लिहिला गेला. त्या काळी घरकाम, शेती, खाणी, हिशेब, मुलांचे शिक्षण अशी नाना कामे गुलाम करत असत. येशूच्या दृष्टान्तकथांत मालक आणि दास जागोजागी येतात, पण त्या प्रथेविषयी त्याने स्वतंत्र भाष्य केल्याचे शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या चरित्रकथांत, नाही. धरून नेलेल्यांची सुटका जाहीर करण्यासाठी आपण आलो आहोत, ही यशया संदेष्ट्याची भाषा मात्र त्याने नासरेथच्या सभास्थानात वाचून दाखवली, असे लूकने नोंदवले आहे. पौल या प्रेषिताच्या नावावर असलेल्या पत्रांत परस्परांशी सहज न जुळणारी दोन सूत्रे दिसतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही असे सांगतो, तर इफिसकर आणि कलस्सैकर यांना लिहिलेल्या पत्रांत दासांनी आपल्या ऐहिक मालकांच्या आज्ञा भीत भीत पाळाव्यात असा उपदेश आहे, आणि त्याच्या जोडीला मालकांनी धमकावणे सोडावे, कारण दोघांचाही धनी स्वर्गात एकच आहे, अशी पुस्तीही आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर केवळ भल्याच नव्हे, कठोर मालकांच्याही अधीन राहावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

या साऱ्यांत सर्वांत छोटा आणि सर्वांत वादग्रस्त मजकूर म्हणजे पौलाने तुरुंगातून फिलेमोन नावाच्या एका सधन ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेले अवघ्या पंचवीस वचनांचे पत्र. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्यापासून दुरावून पौलाजवळ पोहोचला होता आणि तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो, पण सोबतच्या पत्रात तो लिहितो की, अनेसिमाला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घरात घे, आणि त्याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. अनेसिमाला मुक्त कर, असे शब्द या पत्रात कोठेही नाहीत. पण जो माणूस घरात सख्ख्या भावासारखा वावरायचा आहे त्याला बाजारात नेऊन विकायचे कसे, हा पेच पौलाने फिलेमोनाच्या पदरात टाकलेला आहे. पुढची अठरा शतके दोन्ही बाजूंचे लोक या पंचवीस वचनांवर भांडत राहिले.

आरंभीच्या ख्रिस्तमंडळीने साधारणपणे रोमन समाजाची चाकोरी स्वीकारली. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील गंग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने, धर्मभक्तीच्या नावाखाली दासाला मालकाचा अवमान करायला आणि चाकरी सोडायला शिकवणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. ऑगस्टीन या थोर धर्मवेत्त्याने गुलामगिरी ही मानवाच्या मूळ स्वभावातली नसून पापाचे फळ आहे असे म्हटले. पण पाप जगात आहे तोवर ती राहणारच, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि तो मालकांना सोयीचा होता. या पार्श्वभूमीवर, ३८०च्या सुमारास कॅप्पडोसियातील निस्साच्या ग्रेगरी या बिशपाने ‘उपदेशक’ या पुस्तकावर दिलेले प्रवचन आजही वाचणाऱ्याला चकित करते. देवाने ज्याला आपल्या प्रतिरूपात घडवले आणि साऱ्या पृथ्वीवर सत्ता दिली त्या माणसाची किंमत किती नाण्यांत करायची, त्याला विकणारा कोण आणि घेणारा कोण, असा त्याचा रोखठोक सवाल होता. जुलमी मालकांना बोल लावणारे त्या काळात इतरही होते, पण माणसाचा माणसावरील मालकी हक्कच मुळात ईश्वरद्रोह आहे असे प्राचीन जगात इतक्या निःसंदिग्धपणे मांडणारा दुसरा आवाज सापडणे कठीण आहे. तो आवाज पुढे जवळजवळ हजार वर्षे कोणी उचलून धरला नाही, ही ख्रिस्ती इतिहासातील मोठी खंत म्हटली पाहिजे.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सरकू लागली, तेव्हा या जुन्या प्रश्नाला व्यापारी रूप आले. १४४४ साली पोर्तुगालमधील लागोस बंदरात २३५ बंदिवान उतरवले गेले आणि राजपुत्र हेन्रीला त्यांतील पाचवा हिस्सा मिळाला. १४५२ आणि १४५५ साली पोप पाचवा निकोलस याने काढलेल्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजक लोकांना जिंकून कायमचे दास्यात टाकण्याची परवानगी दिली. या परवानगीची सावली गोव्यावरही पडली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने शहरातील रुआ दिरैता या हमरस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. तेथे अरबी घोडे, मसाले, गालिचे आणि मोझांबिककडून व इतर ठिकाणांहून आणलेली माणसे एकाच रांगेत विकली जात आणि हा बाजार बंद असे तो फक्त रविवारी आणि धार्मिक सणांच्या दिवशी. पुढे १६०८मध्ये गोव्यात आलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशानेही विक्रीला उभ्या केलेल्या बायकामुलींचे गुण व्यापारी कसे मोठ्याने सांगत, हे लिहून ठेवले आहे. पोप तिसरा पॉल याने १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवासी हे पूर्ण मानव आहेत आणि त्यांना गुलाम करू नये असे जाहीर केले खरे, पण आफ्रिकी माणसांच्या व्यापाराला त्याने आळा बसला नाही.

इंग्रजांच्या वसाहतींत प्रश्नाला वेगळाच फाटा फुटला. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवू नये, असा एक जुना समज युरोपात होता. मग बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने स्नान घालून ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देण्याचा संस्कार, झालेला गुलाम आपोआप मुक्त होतो काय? या शंकेने धास्तावलेले मालक गुलामांना धर्मोपदेशच करू देत नसत. त्यांची धास्ती घालवण्यासाठी व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने १६६७ साली बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडत नाही असा कायदा केला. आत्मा मुक्त होईल, पण शरीर बांधलेलेच राहील, ही विभागणी अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आली. त्याच सुमारास नोहाच्या शापाची कथा मालकांच्या तोंडी रुळली. ‘उत्पत्ती’ या पुस्तकात नोहा आपल्या नातवाला, कनानाला, भावांचा दास होण्याचा शाप देतो. त्या कथेत कोणाच्या कातडीच्या रंगाचा उल्लेख नाही आणि शाप कनानाच्या बापाला, हामाला, दिलेलाही नाही. तरीही हामाचे वंशज म्हणजे आफ्रिकी लोक आणि म्हणून ते जन्मजात दास, अशी साखळी जोडली गेली आणि ती दोनशे वर्षांहून अधिक काळ व्यासपीठांवरून सांगितली गेली.

धर्मसंस्था या व्यवस्थेत किती खोल गुंतल्या होत्या, याचे उदाहरण बार्बाडोस बेटावर सापडते. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन या मळेमालकाने आपले उसाचे दोन मळे मृत्युपत्राने चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसारक सोसायटीला दिले आणि १७१० साली त्याच्या निधनानंतर ती सोसायटी शेकडो गुलामांची मालक झाली. मळ्यावरील माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. १७८३ साली याच सोसायटीच्या वार्षिक सभेत बिलबी पोर्टियस या बिशपाने गुलामांच्या हलाखीवर कठोर प्रवचन दिले. पुढे तो लंडनचा बिशप झाला, वेस्ट इंडिज बेटांचा धार्मिक कारभार त्याच्याकडे आला आणि गुलामांच्या धर्मशिक्षणासाठी १७९४मध्ये त्याने एक वेगळी संस्था उभी केली. माणसांच्या व्यापाराला विरोध करणाऱ्या या सहृदय बिशपाच्या संस्थेसाठी १८०७ साली लंडनमध्ये छापलेले एक पुस्तक आज ‘गुलामांचे बायबल’ या नावाने ओळखले जाते, आणि चांगला हेतू व्यवस्थेशी जुळवून घेताना कसा वाकतो, हे त्यात पानोपानी दिसते.

ब्रिटिश वेस्ट इंडिज बेटांतील निग्रो गुलामांसाठी पवित्र बायबलमधून निवडलेले भाग, अशा अर्थाचे त्याचे मूळ शीर्षक आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ आहेत. जुन्या कराराचा जवळजवळ नव्वद टक्के आणि नव्या कराराचा निम्मा भाग त्यातून गेला आहे. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात निष्ठेने चाकरी करतो आणि शेवटी वर येतो, ही कथा ठेवलेली आहे; त्यानंतर त्याच देशातून मोशे आपल्या लोकांना सोडवून नेतो, ती कथा नाही. दहा आज्ञा आहेत, पण माणूस पळवून विकणाऱ्याला देहान्त सांगणारे वचन नाही. मजुरी न देता शेजाऱ्याला राबवून घेणाऱ्याचा धिक्कार करणारे यिर्मयाचे वचन नाही, पीडितांच्या आक्रोशाने भरलेली स्तोत्रे नाहीत, गलतीकरांस पत्रातील भेद मिटवणारे वचन नाही आणि जगाचा न्याय होऊन जुलमी साम्राज्य कोसळल्याचे चित्र रंगवणारे ‘प्रकटीकरण’ हे अखेरचे पुस्तक संपूर्णपणे नाही. दासांनी मालकांच्या आज्ञा पाळाव्यात, हे इफिसकरांस पत्रातील वचन मात्र शाबूत आहे. १८०८ साली पोर्टियसने वेस्ट इंडिजला लिहिलेल्या पत्रात गुलामांसाठी निवडक वचनांचा संग्रह करावा आणि त्यात दासांची मालकांप्रति कर्तव्ये सांगणारी वचने विशेषत्वाने घ्यावीत असे सुचवले. नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी सोपा पाठ तयार करण्याचा हेतूही या निवडीमागे असू शकतो, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते विचारात घ्यायलाच हवे. परंतु सोपेपणासाठी काटछाट करताना नेमकी सुटकेचीच वचने गळतात, तेव्हा त्याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. हैतीमधील गुलामांनी बंड करून १८०४ साली आपले स्वतंत्र राष्ट्र उभे केल्याला हे पुस्तक छापले गेले तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि साऱ्या कॅरिबियन बेटांतील मळेमालकांची झोप उडालेली होती. आज या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती शिल्लक आहेत. त्यांतील एक अमेरिकेत नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाकडे आहे, आणि हे विद्यापीठ मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ साली स्थापन झालेले आहे.

बायबलमधील गुलामगिरीच्या चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहणारा पुरावा या काटछाटीत आहे. बाजूची आणि विरोधी वचने तराजूत टाकून तोलणारे पंडित पारडे कोणते जड यावर वाद घालत राहतात. पण ज्यांचे हितसंबंध गुलामगिरीत गुंतले होते त्यांना तो ग्रंथ अख्खा गुलामाच्या हाती पडणे धोक्याचे वाटत होते, आणि ती भीती निराधार नव्हती. आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरून लहानपणी पळवून नेलेला आणि पुढे लंडनमध्ये मुक्तपणे राहिलेला ऑटोबा कुगोआनो याने १७८७मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने नोहाचा शाप कनानापुरताच होता हे दाखवून दिले आणि माणसे पळवणाऱ्याला नियमशास्त्राने काय शिक्षा सांगितली आहे, हे इंग्रजांना सुनावले. जमैकातील माँटेगो बे येथे बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन, म्हणजे साहाय्यक पदाधिकारी, असलेला गुलाम सॅम्युएल शार्प बायबल वाचत असे आणि गोऱ्यांना काळ्यांवर मालकी सांगण्याचा काहीही अधिकार नाही, हे आपण त्याच ग्रंथातून शिकलो असे सांगत असे. १८३१च्या नाताळात त्याने मजुरीच्या मागणीसाठी काम बंद ठेवण्याची हाक दिली. त्यातून उसळलेल्या उठावात हजारो गुलाम सामील झाले, तो मोडून काढताना तीनशेहून अधिक जणांना देहान्ताची शिक्षा झाली आणि मे १८३२मध्ये शार्पलाही फाशी दिले गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठेवली होती आणि ती मालकांना होती, गुलामांना नव्हे. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांवरील ४११ माणसांपोटी धर्मप्रसारक सोसायटीला ८८२३ पौंड मिळाले.

ज्यांना वाचता येत नव्हते तेही निमूटपणे ऐकून घेत नव्हते. जॉर्जिया राज्यातील लिबर्टी काउंटीत गुलामांना धर्मशिक्षण देणारा आणि स्वतः गुलामांचा मालक असलेला चार्ल्स कोलकॉक जोन्स हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १८३३च्या सुमारास एकदा फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावर बोलू लागला आणि पळून जाणे कसे पाप आहे हे पौलाच्या आधाराने समजावू लागला. श्रोत्यांतील निम्मे लोक सरळ उठून चालते झाले. जे मागे थांबले त्यांतील काहींनी असे पत्र बायबलमध्ये नाहीच असे म्हटले, काहींनी ही सुवार्ता नव्हे असे सांगितले, तर काहींनी तू मालकांना खूश करण्यासाठी बोलतोस असा आरोप केला. हे सारे जोन्सने स्वतःच्याच अहवालात प्रामाणिकपणे नोंदवले आहे. अक्षरओळख नाकारलेल्या त्या माणसांनी ईश्वर कोणाच्या बाजूचा आहे याचा निर्णय आधीच केलेला होता, आणि त्या निर्णयाशी न जुळणारे वचन कोणी कितीही अधिकाराने वाचून दाखवले, तरी ते त्यांना मान्य नव्हते.

अमेरिकेत १८३० नंतर हा वाद पुस्तकांतून आणि सभांतून पेटला. थिओडोर वेल्डने १८३७मध्ये बायबल गुलामगिरीविरोधी आहे असे मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तर व्हर्जिनियातील बॅप्टिस्ट पाळक थॉर्नटन स्ट्रिंगफेलो याने १८४१पासून अब्राहामाच्या घरच्या दासांपासून पौलापर्यंतची वचने ओळीने मांडून उलट सिद्धान्त केला. केवळ अक्षराला अक्षर लावून पाहिले, तर स्ट्रिंगफेलोची बाजू दुबळी नव्हती, हे आज मान्य करण्यात कमीपणा नाही. गुलामगिरीविरोधकांना वचनाच्या शब्दापलीकडे जाऊन ग्रंथाचा एकूण ओघ कोठे जातो, असा युक्तिवाद करावा लागला, आणि आपण धर्मग्रंथ सोडत नाही हे पटवून देणे त्यांना पुष्कळदा जड गेले. अँडोव्हर येथील मोझेस स्टुअर्ट या विख्यात बायबलपंडिताने तर पळालेले गुलाम परत करण्यास भाग पाडणाऱ्या धोरणाची पाठराखण करताना १८५०मध्ये अनेसिमाचेच उदाहरण पुढे केले आणि ‘अनुवाद’मधील आज्ञा केवळ परकीय, अन्यधर्मी मालकांकडून पळालेल्यांसाठी आहे असा अर्थ लावला. तोवर मंडळ्या दुभंगल्या होत्या. लग्नामुळे गुलामांचा मालक झालेल्या एका बिशपावरून १८४४मध्ये मेथडिस्ट फुटले आणि गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो की नाही यावरून १८४५मध्ये दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी आपली वेगळी संघटना काढली.

याच १८४५ साली गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ साली मेथडिस्टांच्या एका मेळाव्यात धर्मपरिवर्तन होऊन आला आणि त्यानंतर अधिकच निर्दय झाला, असे डग्लसने लिहिले आहे. एका अपंग तरुणीला बांधून तिच्या उघड्या खांद्यांवर चाबूक ओढताना, धन्याची इच्छा ठाऊक असून ती न पाळणाऱ्या दासाला पुष्कळ फटके बसतील, हे लूकच्या शुभवर्तमानातील वचन ऑल्ड म्हणत असे. ते वचन मुळात एका दृष्टान्ताचा भाग आहे आणि त्यातला धनी म्हणजे परमेश्वर आहे. ऑल्डने त्या जागी स्वतःला बसवले. पुस्तकाच्या शेवटी डग्लसने ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे निक्षून सांगितले. धर्माचे नाव घेऊन छळल्या गेलेल्या माणसाला धर्मोपदेशकाचे ऐकण्याची इच्छाच उरू नये, हे स्वाभाविक होते. तरीही त्याने तो ग्रंथ मालकांच्या हवाली करून टाकला नाही, यात त्याचे मोठेपण आहे.

अमेरिकेतील या लढ्याची वार्ता पुण्यातही पोहोचली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील भल्या लोकांना ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. माणसाला खाली दाबणारे वचन धर्मग्रंथात असेल, तर ते ईश्वराचे असूच शकत नाही, या त्यांच्या भूमिकेतला ठामपणा लिबर्टी काउंटीत प्रवचन सोडून उठलेल्या श्रोत्यांच्या ठामपणाशी मिळताजुळता आहे.

कबुलीजबाब पुढे बऱ्याच उशिरा आले. दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ साली, स्थापनेला दीडशे वर्षे झाल्यावर, गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. चर्च ऑफ इंग्लंडने २००६मध्ये माफीचा ठराव केला आणि आपल्या जुन्या निधीतील पैसा गुलामांच्या व्यापारात असलेल्या साउथ सी कंपनीत गुंतवला होता, हे उघड झाल्यावर २०२३मध्ये दहा कोटी पौंड वेगळे काढण्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्हॅटिकनने, पंधराव्या शतकातील पोपच्या त्या आज्ञापत्रांत मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा राखली गेली नव्हती, असे मान्य केले.

वचनांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. विसाव्या शतकातील कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन याला त्याच्या आजीने वाढवले. जन्माने गुलाम असलेल्या त्या आजीला वाचता येत नव्हते, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवत असे, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. प्रेमाविषयीचा एक अध्याय तेवढा क्वचित चालत असे. मालकाने बोलावलेला गोरा उपदेशक वर्षातून तीन-चार वेळा पौलाचे नाव घेऊन आज्ञापालनाचाच पाठ देत असे, आणि सुटका झाली तर तो भाग कधीही वाचायचा नाही असा तिने निश्चय केला होता. १९३५ साली थर्मन कोलंबोला गेला असता तेथील एका वकिलाने त्याला विचारले की, तुझ्या लोकांना ज्यांनी विकले आणि विकत घेतले तेही ख्रिस्तीच होते, मग तू ख्रिस्ती कसा? या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे १९४९मध्ये त्याचे येशू आणि वंचितांविषयीचे पुस्तक आकाराला आले.

त्या आजीने जे घरात केले, ते आज मोठ्या मंडळ्यांनी आपल्या उपासनेत केलेले आहे. रविवारी आणि सणांना कोणते उतारे वाचायचे याचे ठरलेले वेळापत्रक असते. कॅथलिक मंडळीत नाताळानंतरच्या पवित्र कुटुंबाच्या सणाला कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील १२ ते २१ ही वचने नेमलेली आहेत, आणि गोव्यात, वसईत, मुंबईत भाविक तीच ऐकतात. दासांना आज्ञापालन सांगणारे वचन २२वे आहे, आणि वाचन त्याच्या बरोबर आधी थांबते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या समाईक वेळापत्रकात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन १९व्या वचनापासून सुरू होते. कठोर मालकांच्याही अधीन राहण्याचा उपदेश १८व्या वचनात आहे. ज्या वचनापायी फटके खाल्ले ते पुन्हा ऐकायचे नाही, असे ठरवण्याचा अधिकार थर्मनच्या आजीला निःसंशय होता. ज्या संस्थांच्या व्यासपीठांवरून ती वचने शतकानुशतके मालकांच्या वतीने वाचली गेली, त्यांनी ती मुकाट्याने वगळून पुढे जावे काय, हा वेगळा प्रश्न आहे. वर्षातून एकदा तरी २२वे वचन मोठ्याने वाचून त्याच्या नावावर काय काय घडले ते भाविकांना सांगितले जावे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून ठेवणे गैर नाही.